बंद कारखाने आणि चालत्या फटफट्या

एखादा कारखाना बंद पडला की त्याने बनवलेल्या यंत्रांचे पुढे काय होते? प्रश्न साधा आहे, पण आपण तो सहसा विचारीत नाही. यंत्र विकत घेताना आपण नकळत एक वचनही विकत घेत असतो. उद्या यातला एखादा भाग झिजला किंवा तुटला तर त्याच्या जागी तसाच दुसरा मिळेल, हे ते वचन. कारखाना चालू असेतोवर तो हे वचन पाळतो. पण कारखानाच राहिला नाही तर?

जुन्या मोटारसायकलींच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरच्या बी.एस.ए. कंपनीची एम-२० ही गाडी घ्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी या एकाच जातीच्या सुमारे १,२६,००० गाड्या बनल्या. पुढे धंदा खालावत गेला आणि १९७३ साली कंपनीचा मोटारसायकल विभाग दुसऱ्या एका कंपनीत विरून गेला. स्मॉल हीथ भागातला तिचा अवाढव्य कारखाना काही वर्षांत बहुतांशी पाडूनही टाकला. त्याला आता पन्नास वर्षे होत आली. तरीसुद्धा नाशिकचा किंवा कोल्हापूरचा एखादा मनुष्य आपल्या आजोबांच्या एम-२० साठी इंग्लंडहून कोरा पिस्टन मागवतो, आणि तो येऊन सिलिंडरात बरोबर बसतो. कारखाना नाही, कारागीर नाहीत, कंपनी नाही. मग हे वचन आज पाळतो तरी कोण?

याचे मूळ शोधायला बंदुकीपर्यंत मागे जावे लागते. पूर्वी बंदूक हाताने घडवीत. एक कारागीर नळी करी, दुसरा घोडा, तिसरा दस्ता. आणि शेवटी एक जण कानस घेऊन हे सारे एकमेकांना जुळवून देई. बंदूक उत्तम होई, पण एका बंदुकीचा घोडा दुसरीला बसत नसे. रणांगणावर तो मोडला की ती बंदूक म्हणजे काठी! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश सरकारने यावर तोड काढली. एन्फिल्ड येथील सरकारी कारखान्यात अमेरिकन यंत्रे आणली आणि प्रत्येक भाग यंत्रावर, ठरल्या मापाने करायला सुरुवात केली. आता दहा बंदुका सोडून त्यांचे भाग एका पाटीत कालवले, तरी त्यातून पुन्हा दहा बंदुका उभ्या राहू लागल्या. एन्फिल्ड हे नाव आपल्याला अर्थातच निराळ्या कारणाने ठाऊक आहे. १८५७ साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती याच नावाच्या रायफलीची होती.

सरकारी कारखान्याच्या या यंत्रांनी बर्मिंगहॅमच्या हातकारागिरांच्या पोटात गोळा आला. तिथल्या चौदा बंदूककारांनी १८६१ साली एकत्र येऊन स्वतःचीच एक कंपनी काढली आणि यंत्रावर बंदुका करायच्या ठरवल्या. हीच ती बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे आपली बी.एस.ए. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली ही तिची खूण पुढे मोटारसायकलींवरही राहिली. रेडिच गावची रॉयल एन्फिल्ड पाहा. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याला रायफलीचे भाग पुरवण्याचे काम तिच्या मालकांना मिळाले, त्यावरून त्यांनी हे नाव घेतले, आणि ‘बंदुकीसारखी घडवलेली’ हे आपले ब्रीद केले. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली जावा गाडी चेकोस्लोव्हाकियातल्या फ्रान्टिशेक यानेचेक यांची. त्यांचाही मूळ धंदा शस्त्रांचा. १९२९ साली त्यांनी वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचा हक्क घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले.

तुम्ही म्हणाल, बंदुकीचा आणि फटफटीच्या पिस्टनचा संबंध काय? संबंध मापाचा आहे. बंदुकीच्या कारखान्याने दोन गोष्टी शिकवल्या. एक, प्रत्येक भागाचे माप कागदावर पक्के करायचे आणि ते गेज लावून तपासायचे. दोन, त्या भागाला एक क्रमांक द्यायचा. रॉयल एन्फिल्डची पहिली मोटारसायकल १९०१ ची, बी.एस.ए.ची १९१० ची. या गाड्यांबरोबर सुट्या भागांची पुस्तके निघू लागली. प्रत्येक पानावर भाग सुटे करून मांडलेले, आणि प्रत्येक नटाला, वायसरला, स्प्रिंगला आपापला आकडा. गिऱ्हाइकाने लांबलचक वर्णन करायचे कारण नाही. आकडा लिहून पाठवला की काम झाले. मुंबईचा डीलर बर्मिंगहॅमला पत्र टाकी, त्यात आकड्यांची यादी असे, आणि बोटीने खोका येई. सातासमुद्रापलीकडून भाग मागवण्याची रीत या आकड्यांवर उभी राहिली, आणि आजही ती त्यांच्यावरच चालते.

या रीतीची खरी कसोटी महायुद्धाने घेतली. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी पाच दिवसांच्या अंतराने दोन घाव घातले. १४ तारखेच्या रात्री कॉव्हेंट्री शहर बेचिराख झाले आणि त्यात ट्रायम्फचा कारखाना गेला. १९ तारखेला बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथवर बॉम्ब पडले, बी.एस.ए.चे ५३ कामगार तिथे मेले. तरी गाड्या निघतच राहिल्या. मापे कागदावर असली की काम दुसऱ्या छपराखालीही करता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

युद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानात लष्कराच्या गाड्यांचे ढीग पडून होते. बी.एस.ए. एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३-एल, एरियल, शिवाय अमेरिकन हार्ले आणि इंडियन. हा सगळा माल ‘डिस्पोजल’ म्हणून विकला गेला. डिस्पोजल हा शब्द आपल्या बोलीत त्या काळापासूनच रुजला. डॉक्टर, कंत्राटदार, शेतकी खात्यातले अधिकारी, तालमीचे वस्ताद, अशा कितीतरी लोकांच्या दारात मग ही लष्करी हिरव्या रंगाची फटफटी उभी राहिली. गाडी स्वस्तात मिळाली, पण भाग? ते बर्मिंगहॅमला.

आणि इथून आपल्याकडची अडचण सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपून वापरणे देशाला भागच होते. १९५७ च्या सुमारास परकीय गंगाजळी आटली आणि आयातीचे परवाने फार आवळले गेले. एका व्हॉल्व्हसाठी किंवा गिअरसाठी परवाना काढणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यातच ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. तोवर एक पौंड म्हणजे १३ रुपये ३३ पैसे होते, ते एकदम २१ रुपये झाले. इंग्लंडात किंमत तीच, पण आपल्या गिऱ्हाइकाला तोच भाग एका दिवसात दीडपटीहून महाग झाला.

मग गाड्या चालल्या कशा? त्या लेथवर चालल्या. गावोगावच्या मिस्त्रींनी आणि टर्नरांनी त्या चालवल्या. पितळेचा बुश कातून दे, गिअरचा तुटलेला दात भरून दे, सिलिंडरात स्लीव्ह टाकून त्यात भलत्याच गाडीचा पिस्टन बसव, असे हुन्नर त्यांनी केले. या लोकांच्या कसबाला तोड नाही. आज आपल्याकडे ज्या जुन्या गाड्या शिल्लक आहेत त्या मुख्यतः त्यांच्यामुळे. पण याची दुसरी बाजूही आहे. त्यांनी केलेले काम त्या एका गाडीपुरते होते. मूळ आटे खलास झाले की मिस्त्री हाताशी असेल तो टॅप फिरवून नवे आटे पाडी. गाडी चाले, पण ती आता पुस्तकातली गाडी राहिलेली नसे. एका अर्थी आपण पुन्हा त्या हाताने घडवलेल्या बंदुकीकडे गेलो होतो. एकीचा घोडा दुसरीला बसेनासा झाला. म्हणून आज मोठ्या हौसेने इंग्लंडहून मागवलेला अस्सल बोल्ट आपल्या गाडीत पुष्कळदा जातच नाही. बोल्टचा दोष नसतो, आणि विक्रेत्याचाही नसतो. मधल्या चाळीस वर्षांचा इतिहास त्या भोकात बसलेला असतो.

इकडे हे चालले असताना तिकडे कारखानेच एकामागून एक बंद पडत होते. स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंट कंपनीने १९५५ साली मोटारसायकली बनवणे थांबवले. रॉयल एन्फिल्डचा रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला. व्हेलोसेट १९७१ साली गेली, बी.एस.ए. १९७३ साली. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना कामगारांनी सहकारी तत्त्वावर काही वर्षे चालवला, पण १९८३ साली तोही थांबला. जपानी गाड्यांची स्पर्धा होती, चालकांची ढिलाई होती, जुनाट यंत्रसामग्री होती. कारणे अनेक सांगतात. आपल्या विषयापुरते एवढेच की ज्यांनी वचन दिले होते ते आता राहिले नाहीत.

ते वचन उचलले गाडी चालवणाऱ्यांनी. युद्ध संपल्यावर लगेच, १९४६ साली, इंग्लंडात जुन्या मोटारसायकलींचा एक क्लब निघाला. टिच ॲलन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थांनी त्यात पुढाकार घेतला होता. अशा क्लबांनी कारखाने मोडताना रद्दीत जाणारे कागद वाचवले. बी.एस.ए. आणि ट्रायम्फच्या रवानगीच्या वह्या या क्लबाने जपल्या आहेत. कोणत्या क्रमांकाची गाडी कोणत्या दिवशी कोणाकडे पाठवली, हे त्यांत मिळते. व्हिन्सेंटच्या मालकांनी तर आणखी पुढची मजल मारली. क्लबाच्या सभासदांनी भांडवल घालून सुटे भाग बनवणारी स्वतःची कंपनी काढली. आणि त्या कंपनीने नुसते नवे भाग जोडून एक संपूर्ण ‘ब्लॅक शॅडो’ गाडी उभी करून दाखवली. म्हणजे कारखाना बंद पडून अर्धे शतक लोटल्यावर गाडी नव्याने जन्मली! नॉर्टन कमांडोचे भाग अँडोव्हर नॉर्टन ही संस्था कारखान्याच्या मूळ ड्रॉइंगांवरून करून घेते. ॲमल हा कार्बोरेटर १९२७ साली तीन कंपन्या एकत्र येऊन निघाला. तो आजही इंग्लंडात कोरा करकरीत बनतो. महायुद्धात जे दिसले होते तेच पुन्हा दिसले. छप्पर गेले तरी चालते. मापाचा कागद मात्र राहिला पाहिजे.

आता या गोष्टीला आपल्या बाजूने मिळालेले एक वळण सांगतो. १९५० च्या दशकाच्या मध्यावर आपल्या सरकारने लष्करासाठी रॉयल एन्फिल्डची ३५० सी.सी. बुलेट पसंत केली. तिच्यासाठी १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी निघाली. आधी भाग रेडिचहून येत आणि मद्रासला जोडले जात. मग भाग घडवण्याचे साचे आणि हत्यारेही इकडे आली, आणि १९६२ पर्यंत सगळी गाडीच इथे होऊ लागली. रेडिच बंद झाले तरी मद्रास चालू राहिले. पुढे १९७७ साली ही मद्रासची बुलेट इंग्लंडला विक्रीला गेली. आता गंमत पाहा. रेडिचच्या जुन्या बुलेटचा मालक भागांसाठी मद्रासकडे पाहू लागला. ज्या वाटेने खोके इकडे येत त्याच वाटेने ते उलट जाऊ लागले. लॅम्ब्रेटा स्कूटरचेही थोडेफार असेच झाले. इटलीत ती बंद झाल्यावर तिची यंत्रसामग्री लखनौला आली, आणि युरोपातले शौकीन भारतातून भाग मागवू लागले.

अलीकडे नावेही इकडे आली आहेत. रॉयल एन्फिल्ड १९९४ पासून आयशर समूहात आहे. बी.एस.ए.चे नाव २०१६ साली महिंद्रांशी संबंधित क्लासिक लेजंड्स या कंपनीने घेतले, आणि नॉर्टन २०२० साली टी.व्ही.एस.ने. ऐकून बरे वाटते. पण नाव विकत घेणे निराळे आणि १९४२ च्या गाडीचा बुश पुरवणे निराळे. ते दुसरे काम आजही मुख्यतः छोटे व्यापारी आणि क्लबच करतात. आपल्याकडे आयातीवरची बंधने १९९१ नंतर टप्प्याटप्प्याने सैल झाली, २००१ मध्ये उरलीसुरली परिमाणबंदीही गेली, आणि या व्यापाऱ्यांचे दार आपल्याला उघडे झाले. तेव्हा त्यांच्याकडून भाग मागवायचा तर काय पाहावे, हे आता थोडे व्यवहाराच्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, आपली गाडी कोणती ते आधी ओळखा. आर.सी. बुकात लिहिलेले साल पुष्कळदा नोंदणीचे असते, जन्माचे नव्हे. डिस्पोजलची गाडी १९४८ साली नोंदली असेल, पण ती १९४२ ची असू शकते. इंजिनावर ठोकलेली अक्षरे खरे सांगतात. युद्धकाळातल्या बहुतेक एम-२० वर ‘डब्ल्यू-एम-२०’ अशी अक्षरे असतात. युद्धानंतरच्या गाड्यांवर पहिले अक्षर बदललेले दिसते. आणखी एक गैरसमज काढून टाका. इंजिनाचा आणि चासीचा आकडा एक नसला की गाडी ‘खोटी’, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ट्रायम्फला हे बऱ्याच अंशी लागू आहे, बी.एस.ए.ला नाही. बी.एस.ए.मध्ये हे दोन आकडे कारखान्यातूनच वेगवेगळे येत. जुळणारे आकडे तिथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. या गैरसमजापायी कोणी चांगली गाडी टाकून देऊ नये, आणि आकडे ‘जुळवून’ देणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नये.

दुसरी गोष्ट, भागाचा क्रमांक. ‘एम-२० चा पिस्टन पाठवा’ असे लिहू नका. सुट्या भागांच्या पुस्तकातून, आणि तेही आपल्याच सालाच्या पुस्तकातून, आकडा काढा. शिवाय आपल्या गाडीचे आजचे माप घ्या. एम-२० च्या सिलिंडरचे मूळ भोक ८२ मिलिमीटर. पण ते आजवर किती वेळा बोअर केले आहे? वीसचा पिस्टन हवा की चाळीसचा, म्हणजे मूळ मापाहून इंचाचे वीस हजारांश मोठा की चाळीस, हे मोजल्याशिवाय कळत नाही. स्लीव्ह टाकलेली असेल तर सगळाच हिशेब निराळा. जुन्या भागाचा फोटो, शेजारी मोजपट्टी, आणि व्हर्नियरने घेतलेली मापे विक्रेत्याला पाठवा. तिकडचे जुने व्यापारी फोटो पाहून ‘हा तुमच्या गाडीचा भागच नव्हे’ असे सांगतात, आणि आपले पैसे वाचतात.

तिसरी गोष्ट आट्यांची. इथे भलेभले अडखळतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे पहिले प्रमाण घालून दिले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. सायकल आणि मोटारसायकलींसाठी पुढे निराळे आटे आले. त्यांचा कोन ६० अंशांचा, आणि बहुतेक मापांत इंचाला २६ आटे. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून तिसरे प्रमाण मान्य केले. ब्रिटिश मोटारसायकलींनी ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस उचलले. जावासारख्या युरोपातल्या गाड्यांना मेट्रिक आटे. त्यातून इंग्रजी गाड्यांची तऱ्हा अशी की पिस्टनचे माप मिलिमीटरमध्ये आणि आटे इंचात! पान्याचीही तीच गत. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नसतो. आणि युद्धात लोखंड वाचवण्यासाठी बोल्टची डोकीही एक माप लहान केली होती. तेव्हा बोल्ट मागवण्याआधी आटे मोजण्याची पट्टी भोकातून निघालेल्या बोल्टला लावून पाहा. आपल्या मिस्त्रीने कोणे एके काळी काय करून ठेवले आहे, ते तिथेच कळते.

चौथी गोष्ट, भागाची जात. परदेशी याद्यांत तीन प्रकार दिसतील. कारखान्याच्या काळचा, पण न वापरलेला जुना साठा. आज नव्याने केलेली नक्कल, जिला ‘पॅटर्न पार्ट’ म्हणतात. आणि वापरलेला भाग. जुना साठा म्हटले की आपल्या तोंडाला पाणी सुटते. पण लोखंड टिकते, रबर टिकत नाही. जुन्या साठ्यातला गिअर सोन्यासारखा. जुन्या साठ्यातले ऑइल सील आणि टायर मात्र वाळून कडक झालेले असतात. ब्रेक शू आणि क्लच प्लेटच्या बाबतीत तर विशेष जपा. जुन्या काळी त्यांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात गेली की प्राणघातक रोग होतात. ब्रिटनने १९९९ साली त्याच्यावर पूर्ण बंदी घातली. इथे अस्सलपणाचा हट्ट धरू नये. उलट काही नवे भाग जुन्यापेक्षा सरस असतात. आपल्याकडच्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याला टिकणारा कार्बोरेटरचा फ्लोट आज नवा मिळतो. जुन्याला ते सोसत नाही. नक्कल म्हणजे वाईट असे मात्र समजू नका. मूळ ड्रॉइंगवरून केलेली नक्कल आणि दुसऱ्या नकलेवरून केलेली नक्कल, यांत फरक करा, आणि तसे विक्रेत्याला सरळ विचारा.

पाचवी गोष्ट पैशाची. ब्रिटनमधल्या किमतीत तिथला २० टक्के कर धरलेला असतो. माल देशाबाहेर जाणार असेल तर विक्रेते तो बहुधा वजा करतात. विचारायला संकोच करू नका. आपल्याकडची जकात नुसत्या भागाच्या किमतीवर बसत नाही. वाहतूक आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर बसते. म्हणून पाचशे रुपयांचा वायसर एकटा मागवणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. वर्षभराची यादी करा, किंवा चार मित्र मिळून मागवा. बिलावर भागाचे नाव आणि खरी किंमत असू द्या. किंमत कमी लिहून घेण्याचा मोह नको. पार्सल अडकले तर वाचवलेले पैसे दंडात जातात. वापरलेल्या मालाच्या आयातीवर आपल्याकडे बंधने आहेत, तेव्हा असा भाग मागवण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्या.

एवढे सगळे करून भाग आला, बसला, गाडी सुरू झाली. मग वाचकहो, एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. सगळेच भाग परदेशातून नवे मिळू लागले, तर ती गाडी आजोबांची राहिली का? टाकी नवी, सिलिंडर नवा, चाके नवी. उरला तो फक्त आकडा. आपल्या सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नोंदणीची वेगळी मालिका सुरू केली. तिच्या नियमांतही चासी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. कायद्याने एक रेघ ओढून दिली आहे. बाकीचे आपल्या विवेकावर. माझे मत असे की झिजणारा भाग बिनदिक्कत बदलावा. पिस्टन, बेअरिंग, चेन, केबल यांचा जन्मच झिजण्यासाठी असतो. पण पोचे पडलेली टाकी ठोकून नीट होत असेल तर नवी मागवू नये. गावच्या टर्नरने कातलेला बुश अजून चालत असेल, तर अस्सलपणाच्या नावाखाली तो काढून फेकू नये. तोही त्या गाडीचा इतिहासच आहे, आणि तो बर्मिंगहॅमच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

इथेच आपली खरी उणीव दिसते. म्हैसूरला १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनत होती. मुंबईच्या इराणी मंडळींनी उभा केलेला तो कारखाना १९९६ साली बंद पडला. त्या गाड्यांवर आपल्या दोन पिढ्यांनी नोकऱ्या केल्या, लग्ने ठरवली, दूध घातले. त्यांचे भाग मिळवायला आज पुष्कळ जण चेक प्रजासत्ताकातल्या विक्रेत्यांकडे वळतात, कारण तिकडे ते अजून नवे बनतात. परंतु म्हैसूरला झालेले लहानमोठे बदल तिकडच्या पुस्तकात कसे असणार? ते इथल्या जुन्या मिस्त्रींच्या डोक्यात आहेत. कोणत्या सालच्या गाडीला कोणता भाग चालतो, कोणता थोडा कातून बसतो, हे त्यांना तोंडपाठ असते. ते कागदावर मात्र फारसे कोणी घेतलेले नाही. इंग्रज कारागीर काही आपल्या कारागिरापेक्षा शहाणा नव्हता. फरक इतकाच की त्याचे माप लिहिले गेले आणि आपल्या माणसाचे हातातच राहिले.

तेव्हा परदेशी भाग जरूर मागवा. पण पार्सल आल्यावर काढलेला जुना भाग भंगारात टाकू नका. त्याला एक चिठ्ठी बांधा. गाडी कोणती, साल कोणते, भागाचा आकडा काय, माप किती आणि हा बुश मूळ कोणी कातला, एवढे तिच्यावर लिहा. आणि गावातला एखादा जुना टर्नर अजून हयात असेल, तर एक वही घेऊन सवडीने त्याच्याकडे बसा. तो हसेल, ‘यात काय लिहायचं?’ म्हणेल. तरी लिहून घ्या.